पाच वर्षांच्या मुलाला एडीएचडी आहे म्हणतात? मान्य करण्याआधी काय काय तपासून घ्यायचं

सीनियर केजीच्या पालकसभेत बाईंनी आम्हाला शेवटपर्यंत थांबवून ठेवलं. बाकीचे पालक गेल्यावर म्हणाल्या, "हा एका जागी बसतच नाही. हाक मारली तरी ओ देत नाही. एकदा कुणाला तरी दाखवून घ्या." आम्ही दाखवलं. पंचवीस मिनिटं गप्पा, एक दोनपानी प्रश्नावली, आणि फाईलवर एडीएचडी (म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा) अशी चार अक्षरं. सोबत औषधाची चिठ्ठी. मुलगा तेव्हा पाच वर्षं दोन महिन्यांचा होता.

त्या चार अक्षरांवर आम्ही शंका घेतली. पुढच्या काही महिन्यांत कळलं की त्याच्या दोन्ही कानांत पाणी साचलं होतं आणि नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे म्हणजे अ‍ॅडिनॉइडमुळे त्याला रात्री धड झोप लागत नव्हती. दोन्हींवर उपचार झाले, मूल बरंच निवळलं. मग साडेसात वर्षांचा असताना पुन्हा सगळी तपासणी केली, तेव्हा मात्र एडीएचडी आहे असंच निघालं आणि आम्ही ते मान्य केलं. हे मी आधीच सांगते आहे, कारण निदानावर शंका घेणं आणि निदान नाकारणं यांतला फरक मला त्या अडीच वर्षांत कळला. तेव्हा मला कुणी क्रमाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते.

पहिलं काम : कागद हातात घ्या

तोंडी सांगितलेल्या निदानाशी वाद घालता येत नाही. म्हणून आधी सगळं लेखी मागा. निदान कोणी केलं, कोणती प्रश्नावली वापरली, ती कोणी कोणी भरली, गुण किती आले, आणखी कोणत्या शक्यता तपासल्या. रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नका. "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय" असं सरळ सांगितलं तरी चालतं. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

कागद मिळाला की दोन गोष्टी बघा. एक, प्रश्नावली शाळेनेही भरली आहे का? फक्त आईवडिलांनी भरलेल्या फॉर्मवरचं निदान अर्धं आहे. दोन, ती प्रश्नावली मुलाच्या वयासाठी आहे का? आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा व्हँडरबिल्ट फॉर्म ६ ते १२ वर्षांसाठी बनवलेला आहे. भारतीय मुलांसाठी तयार केलेली इन्क्लेन ही तपासणी ६ ते ९ वर्षांसाठी आहे. आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या फॉर्मवर त्याचं वाचन कसं आहे, गणित कसं आहे असे प्रश्न होते, आणि मी बिनदिक्कत खुणा केल्या होत्या. पाच वर्षांच्या मुलांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. याचा अर्थ पाचव्या वर्षी निदान होऊच शकत नाही असा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं चौथ्या वर्षापासून तपासणी करा असंच सांगतात. पण वय जितकं कमी, तितका पुरावा भक्कम हवा.

दुसरं काम : जन्मतारखेचा हिशेब

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हायला लागतात. म्हणजे जूनमध्ये पहिलीच्या एकाच वर्गात साडेपाच वर्षांचं डिसेंबरी मूल आणि जवळपास साडेसहाचं जानेवारीतलं मूल शेजारी शेजारी बसतात. मोठ्या माणसांत वर्षभराचं अंतर म्हणजे काहीच नाही. पण साडेपाच वर्षांच्या मुलासाठी तो त्याच्या आयुष्याचा पाचवा-सहावा हिस्सा असतो. बाई मात्र दोघांना एकाच मापाने मोजतात, चाळीस-पन्नास मुलांत त्यांना दुसरं काही शक्यही नसतं.

ही नुसती शंका नाही. अमेरिकेच्या ज्या राज्यांत प्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथल्या चार लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांत एडीएचडीचं निदान दर दहा हजारांत ८५, तर सगळ्यांत मोठ्या, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांत ६४. ज्या राज्यांत ती तारीख नव्हती तिथे हा फरक दिसला नाही. मेंदूचा आजार जन्माचा महिना बघून येत नाही. म्हणून तुमचं मूल ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरचं असेल तर हा हिशेब तज्ज्ञांसमोर आवर्जून मांडा, आणि विचारा: याची तुलना वर्गाशी केलीत की याच्या वयाशी?

तिसरं काम : निकष स्वतः वाचा

डॉक्टर ज्या निकषांवर चालतात ते गुपित नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत एकूण १८ लक्षणं आहेत: ९ लक्ष न लागण्याची, ९ अतिचंचलता आणि उतावळेपणाची. मुलांमध्ये दोन्हींपैकी एका गटातली निदान ६ हवीत, सहा महिने सतत हवीत, आणि त्याच्या वयाला शोभणार नाहीत इतकी हवीत. काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीच दिसलेली हवीत. ती दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडचण व्हायला हवी. आणि शेवटचा, सर्वांत विसरला जाणारा निकष: दुसऱ्या कशामुळे हे जास्त चांगलं समजावता येत नसावं.

"दोन ठिकाणी" या निकषाशी आम्ही खूप झटापट केली. घरात तो उड्या मारायचा, पण जेवायला बसायचा, गोष्ट ऐकायचा. मग आम्ही तिसऱ्या ठिकाणांची माणसं गाठली. व्हॅनकाकांनी सांगितलं, "ताई, हा मागे बसला की काही ऐकत नाही, माझ्या शेजारी बसला की सगळं ऐकतो." कानाचा पहिला धागा आम्हाला तिथून मिळाला. डॉक्टरांना सुचलं नव्हतं, आम्हालाही नाही. तुम्हीही आजोळी, पाळणाघरात, खाली खेळणाऱ्या मुलांच्या आयांना विचारा. 'त्रास देतो का' असं विचारू नका. 'कधी शांत असतो' हे विचारा. उत्तरं जास्त कामाची मिळतात.

लक्षणं कधी सुरू झाली, तेही आठवून लिहा. एडीएचडी एखाद्या महिन्यात अचानक उगवत नाही. गणपतीपर्यंत ठीक असलेलं मूल दिवाळीनंतर एकदम बिथरलं असेल तर मधे काय घडलं ते शोधा: घर बदललं का, भावंड झालं का, आजी गेल्या का, घरात भांडणं वाढली का, कुणी मारतंय का, कुणी नको तिथे हात लावतंय का. हा शेवटचा प्रश्न मनात आणायलाही जड जातो, तरी टाळू नका.

चौथं काम : शरीराची तपासणी, आणि यात घाई नको

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. आमचं इथेच चुकलं होतं.

कान. या वयात सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचणं फार सामान्य आहे. ते दुखतंच असं नाही. ऐकू येणं कमीजास्त होतं, त्यामुळे मूल कधी ऐकतं, कधी ऐकत नाही, आणि आपण म्हणतो, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं." घरी टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री या दोन्ही करून घ्या, दुसरीत पडद्यामागचं पाणी कळतं. बऱ्याचदा ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, नाहीतर कानाचे डॉक्टर पुढचा उपाय सांगतात. मुंबईत वांद्र्याला अलीयावर जंग ही श्रवणदोषांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात या तपासण्या होतात.

झोप. मोठं माणूस कमी झोपलं की पेंगतं, लहान मूल कमी झोपलं की उधळतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, मधेच श्वास अडखळणं, मान मागे टाकून झोपणं, अंथरूण ओलं होणं, सकाळी उठताना चिडचिड, यांपैकी काही असेल तर रात्री दोन-तीनदा मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आमचा तो मिनिटभराचा व्हिडिओ पाहून कानाच्या डॉक्टरांनी अ‍ॅडिनॉइडचा एक्स-रे सांगितला होता.

रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के ॲनिमिक निघाली. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं असतं, त्याचं लक्ष टिकत नाही, रात्री पाय झाडतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करा, पण ताप-सर्दी असताना नको, कारण तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं. थायरॉइडची तपासणी गरज वाटली तर डॉक्टर सांगतील.

डोळे. फळ्यावरचं दिसत नसेल तर मूल शेजारच्याच्या वहीत डोकावणारच.

फीट. काही मुलं दिवसातून अनेकदा पाच-दहा सेकंद शून्यात बघत थांबतात. हाक मारून, खांद्याला हात लावूनही भानावर येत नाहीत, आणि मग काही झालंच नाही अशी पुढे खेळू लागतात. तंद्री लागलेलं मूल हात लावला की परत येतं. हा फरक नीट बघा आणि जमलं तर व्हिडिओ घ्या. इथे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, खरोखर उपयोगी पडतो.

औषधं. सर्दी-दम्यासाठी महिनोन्‌महिने चालू असलेल्या माँटेलुकास्टमुळे काही मुलांत चिडचिड, वाईट स्वप्नं, अस्वस्थपणा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक प्रकारची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. दम्यासाठीच्या साल्बुटामॉलच्या सिरपने हात थरथरतात, मूल एका जागी टिकत नाही. फीटसाठी दिलेल्या फिनोबार्बिटोनने अतिचंचलता येते हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. यांतलं काहीही आपल्या मनाने थांबवू नका, फीटचं तर मुळीच नाही. यादी करून न्या आणि विचारा.

ज्यावर पैसे घालवू नका तेही सांगते. एडीएचडी आहे की नाही हे रक्तातून, एमआरआयमधून किंवा 'ब्रेन मॅपिंग'च्या रंगीत चित्रांतून कळत नाही. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणाऱ्या डीएमआयटीला तर शास्त्राचा काहीच आधार नाही. आणि साखर बंद केल्याने चंचलपणा जातो हेही नीट केलेल्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. दातांसाठी कमी करा, जरूर.

पाचवं काम : भाषा आणि वर्ग

घरात मराठी, शाळेत पहिल्या दिवसापासून इंग्रजी. बाई म्हणतात, "टेक आउट युअर नोटबुक, टर्न टू पेज ट्वेल्व्ह अँड कलर द फिश." मूल 'फिश' एवढंच पकडतं आणि खिडकीबाहेर बघतं. शेरा पडतो, 'सूचना पाळत नाही.' घरी एक साधी परीक्षा घ्या. टीव्ही बंद करून, समोर उभं राहून, एका दमात सांगा: "चपला जागेवर ठेव, हात धू आणि आजीला पाण्याचा पेला नेऊन दे." पाच वर्षांच्या मुलाला अशी तीन कामं एकापाठोपाठ बहुधा जमतात. मराठीत जमतात आणि वर्गात नाही, तर प्रश्न लक्षाचा कमी आणि भाषेचा जास्त. मराठीतही जमत नसतील, शब्दच कमी असतील, वाक्यं तुटक असतील, तर भाषाविकासाची आणि स्वमग्नतेची तपासणी आधी हवी.

जमलं तर वर्गात जाऊन बसायची परवानगी मागा, एक तासिका तरी. मला वीस मिनिटं मिळाली. त्या वीस मिनिटांत पाच वर्षांची मुलं एकाच अक्षराच्या ओळीवर ओळी लिहीत होती. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ हे वय खेळातून शिकण्याचं मानतं. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्यावर अभ्यासक्रम संपवायचा दट्ट्या होता. पण अशा वर्गातली चुळबुळ मुलाच्या खात्यावर किती आणि वर्गाच्या खात्यावर किती, हे विचारलंच पाहिजे.

मोबाईलचंही इथेच बोलते. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त तासभर पडदा सांगते. तीन आठवडे पडदा खरोखर कमी करून बघा, जेवताना आणि झोपण्याआधी पूर्ण बंद. पहिला आठवडा जीव नकोसा होतो, हे धरून चाला. फरक पडतो की नाही, तेवढं लिहून ठेवा.

घरच्यांची दोन वाक्यं

"मोबाईलवर तासभर बसतो की, मग कसला एडीएचडी?" हा पुरावा टिकत नाही. दर दोन सेकंदांनी नवं काही देणाऱ्या गोष्टीवर एडीएचडी असलेली मुलंही खिळून बसतात. कंटाळवाण्या कामावर टिकता येतं का, हा प्रश्न आहे.

"याचा बापही लहानपणी असाच होता." आमच्या सासूबाई हे दिलासा म्हणून सांगायच्या. पण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे हे वाक्य निदानाच्या विरुद्ध बाजूला नाही, बाजूनेच जातं. डॉक्टरांना ते जरूर सांगा. शंका घ्यायची तर ती प्रामाणिक हवी, आपल्याला सोयीची तेवढीच नको.

सहावं काम : दुसरं मत

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ गाठा. मानसशास्त्रीय चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक विचारायला हरकत नाही. शुल्क परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाकडून चिठ्ठी मिळते. कुठे जावं हेच सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

जाताना दोन आठवड्यांची नोंदवही न्या. रोज चार ओळी पुरे: किती वाजता झोपला-उठला, काय खाल्लं, कधी बिनसलं आणि त्याआधी काय झालं होतं, कधी दहा मिनिटं रमला. आधीचं निदान लपवू नका, पण म्हणा, "तुम्ही पहिल्यापासून बघा." आणि हे विचारा: एडीएचडी नसेल तर दुसरं काय असू शकतं, आणि ते तुम्ही कशावरून बाजूला ठेवलंत? ज्या डॉक्टरांनी या प्रश्नाला पंधरा मिनिटं दिली, त्यांच्याकडे आम्ही थांबलो.

औषधाचा प्रश्न

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपचार औषध नाही, आईवडिलांना वर्तन हाताळायचं प्रशिक्षण हा आहे. अमेरिकेची २०१९ ची तत्त्वं हेच सांगतात. ब्रिटनची २०१८ ची तत्त्वं तर पाच वर्षांखाली दुसऱ्या विशेषज्ञाच्या मताशिवाय औषध देऊ नका म्हणतात. अमेरिकेत मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाला मान्यता आहे ती सहा वर्षांपासून पुढे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांत ते काम करतं, पण मोठ्या मुलांइतकं नाही, आणि त्रास जास्त होतो. म्हणून पाचव्या वर्षी पहिल्याच भेटीत चिठ्ठी मिळाली तर "आधी प्रशिक्षण का नाही?" असं विचारणं पूर्ण रास्त आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. ज्या लहानग्यांचं निदान अतिशय काटेकोरपणे झालं होतं आणि लक्षणं तीव्र होती, त्यांच्यापैकी दहांतल्या जवळपास नऊ जणांत ती सहा वर्षांनीही होती. "मोठा झाला की निवळेल" हे प्रत्येकाबाबत खरं नसतं. औषध सुरू असेल आणि शंका आली, तर एकदम बंद करू नका. क्लोनिडिनसारखं औषध अचानक थांबवलं तर रक्तदाब उसळतो.

तोवर घरी काय करायचं

निदान पक्कं होईपर्यंत मुलाने वाट बघायची नसते. मदतीला नावाची गरज नाही. जवळ जाऊन, डोळ्यांत बघून, एका वेळी एकच सूचना द्या. "पळू नको"पेक्षा "माझा हात धरून चाल" हे मुलाला कळतं. चांगलं केलं की त्याच क्षणी, नाव घेऊन सांगा: "तू स्वतःहून डबा ठेवलास, मला आवडलं." रोज पंधरा मिनिटं फक्त त्याची, तो म्हणेल तो खेळ, आपण न शिकवता, न सुधारता. संध्याकाळी दमेपर्यंत बाहेर पळू द्या. घरातल्या सगळ्या मोठ्यांचे नियम एकच हवेत. एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने गुपचूप द्यायचं, यात चांगलं मूलही गोंधळतं. शाळेला पुढचा बाक मागा, आणि मधूनमधून फळा पुसायला, वह्या वाटायला उठू द्या म्हणा. पहिलीपासून पुढे मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध आहे, हे गरज पडली तर शांतपणे सांगा.

काही बाबतींत मात्र तपासण्यांची रांग लावत बसू नका, लगेच दाखवा: रस्त्यावर, गॅलरीच्या कठड्यावर धावणं आणि वारंवार जखमा होणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणं, येत असलेले शब्द जाणं, फीटची शंका.

शेवटचं काम : पुन्हा तपासणीची तारीख

शंका घेतलीत की तिला मुदत घाला. आम्ही कॅलेंडरवर दुसरीच्या दिवाळीची सुट्टी लिहिली होती. तोवर कान स्वच्छ, झोप शांत, हिमोग्लोबिन बारा, भाषेची अडचण संपलेली, आणि तो सहामाही परीक्षा देऊन आलेला. नव्या बाईंनी फॉर्म भरला, आम्ही भरला, दोन्ही स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता. लक्ष न लागण्याची नऊपैकी सात लक्षणं दोन्हीकडे सारखी आली. मागच्या वेळी पटलं नव्हतं ते या वेळी पटलं, कारण दुसरं कारणच शिल्लक नव्हतं. डॉक्टरांनी वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघितला, घराण्यात हृदयविकार आहे का विचारलं, आणि लहान मात्रेत औषध सुरू केलं. त्या रात्री नवऱ्याने मुलाला सांगितलं, "तुझं डोकं फार जोरात पळतं. माझंही पळायचं. आता आपण ब्रेक लावायला शिकू." त्याने विचारलं, "तुला कुणी शिकवलं होतं, बाबा?"